तहाचा कागद हातात आहे, पुढे काय?

पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह. शाळेत सनावळीसकट पाठ केलेले हे तह आपल्या लेखी कधीच संपले. म्हणून अमेरिकेतल्या नेवाडाचा एखादा शोशोनी आदिवासी ‘आमचा १८६३चा तह अजून लागू आहे’ म्हणाला, तर आपल्याला ते जरा विचित्र वाटतं. तो भावनेच्या भरात बोलत नसतो. अमेरिकेने १७७८ ते १८७१ या काळात आदिवासी राष्ट्रांशी केलेल्या साडेतीनशेहून जास्त तहांना सिनेटची मंजुरी आहे, आणि तिथली राज्यघटना तहाला देशाचा सर्वोच्च कायदा मानते. कॅनडात १८७१ ते १९२१ दरम्यान झालेले अकरा ‘क्रमांकित तह’ आजही कोर्टात चर्चेला येतात. १९८२च्या घटनेच्या कलम ३५ने तहातल्या हक्कांना संरक्षणही दिलं. न्यूझीलंडमध्ये ६ फेब्रुवारीला, म्हणजे १८४०च्या वैतांगी तहाच्या दिवशी, राष्ट्रीय सुट्टी असते.

अडचण एवढीच, की तह मोडल्यावर दाद मागायची ती ज्याने मोडला त्याच्याच कोर्टात. म्हणून ही राष्ट्रं शंभर वर्षांपासून देशाबाहेर जातायत. १९२३ साली ओंटारिओतल्या ग्रँड रिव्हरच्या काठावरून कायुगा प्रमुख देस्काहे आपल्या हौडेनोशौनी या आदिवासी राष्ट्रांच्या संघाने दिलेल्या पासपोर्टवर जिनिव्हाला गेला. राष्ट्रसंघात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेत, त्याची बाजू मांडली जावी म्हणून आयर्लंड, पनामा, इराण आणि एस्टोनियाने शब्द टाकला. ब्रिटनने मोडता घातला आणि त्याला राष्ट्रसंघापुढे बोलू दिलं गेलं नाही. आज तशी परिस्थिती नाही. आज दारं आहेत, फक्त प्रत्येक देशासाठी वेगळी आहेत आणि नवखा माणूस नेमका बंद दारापुढे वर्षं घालवतो.

कायद्याचे विद्यार्थी, संस्थांमधून काम करणारे कार्यकर्ते आणि तहाच्या जमिनीवर स्थायिक झालेले मराठी लोक यांच्यासाठी ही वाट पायरीपायरीने सांगतो. एक प्रकरण शेवटपर्यंत धरून चालू: नेवाडातल्या वेस्टर्न शोशोनी राष्ट्राचं. त्यात मिळालं काय आणि हुकलं काय, दोन्ही स्वच्छ दिसतं.

पहिली पायरी: तुम्हाला बोलावलंय का?

तह राष्ट्राचा असतो. तुमचा नसतो, तुमच्या संस्थेचा नसतो, वकिलाचाही नसतो. तेव्हा पहिला कागद लेखी संमतीचा. संयुक्त राष्ट्रांच्या बहुतेक तक्रार-अर्जांत ‘ज्यांच्या वतीने लिहिताय त्यांची संमती आहे का’ हा प्रश्न असतोच.

संमती कोणाची, हे मात्र नीट बघावं लागतं. कित्येक ठिकाणी सरकारी कायद्याने निवडून आलेली परिषद एक आणि पिढीजात नेतृत्व दुसरं, अशी दोन सत्ताकेंद्रं असतात. देस्काहेच्याच गावी कॅनडा सरकारने १९२४ साली पारंपरिक परिषद बाजूला सारून निवडणुकीची परिषद बसवली. तहाबद्दल बोलण्याचा अधिकार कोणाला, हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे. तुम्ही त्यात पंच होऊ नका.

ही पायरी गाळली की काय होतं ते शोशोनींनी भोगलं. १९४६ साली अमेरिकेने आदिवासींचे जमिनीचे दावे निकाली काढायला एक आयोग नेमला. १९५१ मध्ये त्यापुढे एका गटाच्या नावाने, पण सगळ्या वेस्टर्न शोशोनींच्या वतीने दावा दाखल झाला. आयोगाला जमीन परत देण्याचा अधिकारच नव्हता, फक्त भरपाई देता येत होती. १९६२ साली आयोगाने ठरवलं, की गोऱ्या वस्तीच्या ‘हळूहळू अतिक्रमणाने’ शोशोनींचा हक्क संपलेला आहे. मग किंमत कोणत्या दिवसाच्या भावाने धरायची? १९६६ साली दोन्हीकडच्या वकिलांनी आपसात तारीख ठरवली: १ जुलै १८७२. त्या दिवशी नेवाडात विशेष काही घडलं नव्हतं. जमीन खरंच गेली होती का, यावर साक्षीपुरावा न होताच ती गेल्याची तारीख पक्की झाली. पुढे अनेक शोशोनी ‘आम्हाला पैसे नकोत, जमीन हवी’ म्हणत राहिले, पण तोवर त्यांच्या नावाने कागद झालेला होता.

दुसरी पायरी: तह स्वतः वाचा

तहावरचे लेख नंतर वाचा. आधी मूळ मजकूर. शोशोनींचा १८६३चा तह, म्हणजे रुबी व्हॅलीचा तह, काही पानांचा आहे. तासाभरात वाचून होतो. वाचताना वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: राष्ट्राने काय दिलं, स्वतःकडे काय ठेवलं, सरकारने काय कबूल केलं.

१ ऑक्टोबर १८६३च्या त्या तहात पहिला रकाना बऱ्यापैकी भरतो: वाटसरूंना सुरक्षित रस्ता, लष्करी ठाणी, तारायंत्र, टपालगाड्या आणि रेल्वे, खाणी शोधायची मुभा. तिसऱ्या रकान्यात वीस वर्षं दरसाल ५,००० डॉलरचा माल, त्यात गुरंही. तहात राष्ट्राच्या प्रदेशाच्या सीमाही लिहिल्या आहेत. मात्र ‘ही जमीन आम्ही अमेरिकेला देऊन टाकतो’ असं वाक्य शोधायला जा, सापडत नाही. पुढची सगळी लढाई या न सापडणाऱ्या वाक्यावर उभी आहे.

सहीची तारीख, सिनेटच्या मंजुरीची तारीख, नकाशा आणि तोंडी दिलेल्या शब्दांच्या नोंदी एका फाइलीत लावा. दोन भाषांत तह असेल तर दोन्ही मसुदे जवळ ठेवा. वैतांगीला पाचशेहून जास्त माओरी प्रमुखांनी सह्या केल्या, त्यातल्या बहुतेकांनी माओरी मसुद्यावर, आणि इंग्रजी मसुदा त्याच्याशी जुळत नाही.

तिसरी पायरी: देशातली दाद कुठवर आली?

ज्यांच्यापुढे रीतसर तक्रार करता येते अशा बहुतेक आंतरराष्ट्रीय मंडळांची अट असते, की देशातले उपाय आधी संपवा. ते निष्फळ आहेत किंवा अवाजवी लांबलेत हे दाखवता आलं तर सूट मिळते, पण दाखवायची जबाबदारी तुमची. म्हणून कोर्टांची तारीखवार यादी करा: कोणतं कोर्ट, काय मागितलं, काय निकाल, कधी.

शोशोनींची यादी अशी होईल. मेरी आणि कॅरी डॅन या दोघी बहिणी क्रेसेंट व्हॅलीत गुरं पाळत. १९७४ साली सरकारने त्यांच्यावर खटला भरला: सरकारी जमिनीवर विनापरवाना चराई. बहिणींचं उत्तर, ही जमीन सरकारची झाली कधी? खटला चालू असतानाच आयोगाची २.६ कोटी डॉलरची भरपाई १९७९ मध्ये सरकारी तिजोरीतल्या एका खात्यात जमा झाली. शोशोनींनी त्यातला एक डॉलर उचलला नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सरकार हे शोशोनींचं विश्वस्त आहे, विश्वस्ताच्या खात्यात पैसे पडले म्हणजे ते मिळाले. सरकारच्या या खिशातून त्या खिशात रक्कम गेली आणि दाव्याचं तोंड बंद झालं. पैसे नाकारणारे हे एकटे नव्हेत. साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्स या डोंगराळ प्रदेशाच्या बदल्यात १९८०च्या निकालाने मिळालेले सुमारे १०.६ कोटी डॉलर लाकोटा-डकोटा राष्ट्रांनी आजवर घेतलेले नाहीत. व्याज धरून ती रक्कम अब्जावर गेली आहे.

चौथी पायरी: दार निवडा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. लोक सहसा थेट संयुक्त राष्ट्रसंघाच्या जाहीरनाम्यापासून सुरुवात करतात. १३ सप्टेंबर २००७ रोजी १४४ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झालेल्या आदिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम ३७ तहांवरच आहे: तह मान्य व्हावेत, पाळले जावेत, अंमलात यावेत, हा आदिवासींचा हक्क आहे. विरोधात मत देणारे चौघे कोण? अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. म्हणजे तहांचा प्रश्न जिथे सर्वांत धगधगता, त्यातले तीन त्यात होते. पुढे चौघांनीही भूमिका बदलून पाठिंबा दिला. पण जाहीरनाम्याला स्वतःचं तक्रार मंडळ नाही. तो युक्तिवादात वापरायचा. तक्रार दुसऱ्या कराराखाली करायची.

म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर जा आणि तुमच्या देशाने कोणते करार स्वीकारलेत ते पान उघडा.

कॅनडाने नागरी आणि राजकीय हक्कांचा करार त्याच्या ऐच्छिक प्रोटोकॉलसकट १९७६ मध्ये स्वीकारला. न्यूझीलंडने तो प्रोटोकॉल १९८९ मध्ये स्वीकारला. या दोन देशांविरुद्ध व्यक्ती थेट मानवी हक्क समितीकडे तक्रार करू शकते. इथे एक खाचखळगा आहे. कलम १ मधल्या स्वयंनिर्णयाच्या हक्कावर समिती व्यक्तीची तक्रार घेत नाही. अल्बर्टातल्या लुबिकॉन लेक क्री लोकांची तक्रार कलम १ची म्हणून गेली होती. समितीने ती कलम २७खाली, म्हणजे अल्पसंख्याकांच्या संस्कृतीच्या हक्काखाली तपासली आणि १९९० मध्ये कॅनडाला दोषी धरलं. शिकार, मासेमारी आणि जमीन ही संस्कृतीच आहे, असा तो निकाल. तेव्हा अर्जात ‘आमचं सार्वभौमत्व’ हे दोन ओळींत सांगा आणि बाकीची पानं कलम २७वर खर्च करा. अनेकांना हे पटत नाही, अपमानास्पद वाटतं. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण अर्ज टिकायला हवा.

अमेरिकेने तो प्रोटोकॉल स्वीकारलेलाच नाही, त्यामुळे हे दार बंद. मग डॅन बहिणी कुठे गेल्या? अमेरिका ‘ऑर्गनायझेशन ऑफ अमेरिकन स्टेट्स’ची सभासद असल्यामुळे वॉशिंग्टनमधल्या आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे १९४८च्या अमेरिकी जाहीरनाम्याखाली तक्रार चालते. इथे शेवटच्या निकालाची नोटीस मिळाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज जावा लागतो. बहिणींचा अर्ज १९९३ मध्ये गेला.

दुसरं दार म्हणजे वांशिक भेदभाव निर्मूलन समिती. तिच्याकडे ‘पूर्वसूचना आणि तातडीची कारवाई’ नावाची पद्धत आहे. तिला देशाची वेगळी संमती लागत नाही. देश वांशिक भेदभाव निर्मूलनाच्या कराराचा पक्षकार असला की पुरे. प्रकरण तातडीचं आणि मोठ्या प्रमाणावरचं आहे हे दाखवता आलं पाहिजे. अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड, भारत, सगळे पक्षकार आहेत. माझ्या मते नवख्या गटासाठी हेच सर्वांत उपयोगी दार, आणि सर्वांत कमी माहीत असलेलंही.

तिसरं, आदिवासींच्या हक्कांसाठीचा विशेष प्रतिवेदक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ. हे पद २००१ पासून आहे. देशातले उपाय संपवायची अट नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. प्रतिवेदक सरकारला पत्र लिहून खुलासा मागतो आणि साधारण ६० दिवसांनी पत्र आणि उत्तर दोन्ही जाहीर होतात. निकाल नसतो. पण सरकारने लेखी काय उत्तर दिलं, हे पुढे कोर्टात फार कामाला येतं.

आदिवासींच्या हक्कांवरची संयुक्त राष्ट्रांची जिनिव्हातली सात सदस्यांची तज्ज्ञ यंत्रणा न्यायनिवाडा करत नाही. ती अभ्यास करते आणि विनंती आल्यास दोन्ही बाजूंना बोलतं करते. मेक्सिकोतल्या याकी लोकांचं माआसो कोवा, म्हणजे विधीतलं हरणाचं शिर, स्वीडनच्या संग्रहालयातून परत मिळालं ते तिच्या मध्यस्थीने.

पाचवी पायरी: लिहा, पण आटोपशीर

दर साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा सर्वसाधारण आढावा होतो. त्यासाठी एका संस्थेच्या निवेदनाला २,८१५ शब्दांची मर्यादा आहे, अनेक संस्थांनी मिळून दिलं तर ५,६३०. ही मर्यादा मी सगळ्याच अर्जांसाठी चांगली शिस्त मानतो. वसाहतवादाचा इतिहास समितीला शिकवू नका. त्यांना तो येतो. कोणी, काय, कुठे, कधी केलं. तहाचं कोणतं कलम मोडलं. आंतरराष्ट्रीय कराराच्या कोणत्या कलमात ते बसतं. आणि समितीने नेमकं काय सांगावं अशी तुमची मागणी आहे. शेवटचा मुद्दा बहुतेक अर्जांत गायब असतो. ‘न्याय मिळावा’ ही मागणी नाही. ‘अमुक खाणीचा परवाना सुनावणीपर्यंत थांबवावा’ ही मागणी आहे.

नावाने केलेल्या तक्रारीची प्रत सरकारकडे जाते, हे अर्जदाराला आधीच सांगा. सूड उगवला जाण्याची भीती असेल तर तेही अर्जातच लिहा.

सहावी पायरी: प्रत्यक्ष जायचं असेल तर

न्यूयॉर्कला आदिवासी प्रश्नांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या स्थायी मंचाची बैठक साधारण एप्रिल-मेमध्ये, दोन आठवडे. जिनिव्हाला तज्ज्ञ यंत्रणेची जुलैमध्ये, पाच दिवस. प्रवासखर्चासाठी १९८५ पासून संयुक्त राष्ट्रांचा ऐच्छिक निधी आहे, पण तो आदिवासी प्रतिनिधींसाठी. सोबत जाणाऱ्या मदतनिसाने आपली सोय आपण करावी. जिनिव्हात डोसिप ही संस्था १९७८ पासून आदिवासी प्रतिनिधींना दुभाषे आणि कागदपत्रांची मदत देते. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथे आधी पत्र टाकावं.

सभागृहात बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि वेळ संपली की माइक बंद होतो. त्यापेक्षा बाहेरच्या कॉफीच्या रांगेत जास्त काम होतं. तुमच्या देशाच्या नव्हे, दुसऱ्या देशांच्या वकिलातीतल्या लोकांना भेटा. आढाव्याच्या वेळी प्रश्न तेच विचारणार असतात.

सातवी पायरी: निकाल आला, आता?

आंतर-अमेरिकी आयोगाचा निर्णय डिसेंबर २००२ मध्ये आला. समानतेचा, न्याय्य सुनावणीचा आणि मालमत्तेचा हक्क मोडला, असं आयोगाने स्पष्ट लिहिलं. त्याच्या तीनच महिने आधी सरकारी माणसं डॅन बहिणींची दोनशेहून जास्त गुरं उचलून घेऊन गेली होती. अमेरिकेने निर्णय अमान्य केला. २००४ साली भरपाईची रक्कम वाटून टाकण्याचा कायदाही झाला. २००६च्या मार्चमध्ये वांशिक भेदभाव समितीने तातडीच्या कारवाईखाली अमेरिकेला तीन क्रियापदांत सांगितलं: गोठवा, परावृत्त व्हा, थांबवा. जमिनीचं खासगीकरण, खाणी, गुरांची जप्ती, दंड, सगळं. तेही पाळलं गेलं नाही. मेरी २००५ मध्ये गेली, कॅरी २०२१ मध्ये. जमिनीचा वाद आजही तिथेच आहे.

तेव्हा खोटी आशा कोणाला दाखवू नका. आंतरराष्ट्रीय निर्णयाच्या मागे पोलीस नसतात. पण तो सरकारला अडचणीत टाकणारा कागद असतो, आणि तसा कागद कधी, कुठे वापरायचा हे ठरवण्यात खरं काम आहे. न्यूझीलंडचा २००४चा किनारा आणि समुद्रतळ कायदा माओरींचा कोर्टात जायचा मार्गच बंद करत होता. नाई ताहूसह काही माओरी संघटना त्याच समितीकडे गेल्या, मार्च २००५ मध्ये समितीने कायद्यात भेदभावाचा अंश असल्याचं नोंदवलं आणि त्याच वर्षी विशेष प्रतिवेदक देशात येऊन गेला. देशातलं राजकारणही पेटलेलं होतं. २०११ मध्ये तो कायदा रद्द होऊन दुसरा आला. लुबिकॉन क्रींना मात्र १९९०च्या निर्णयानंतर समझोत्यासाठी २०१८ उजाडावं लागलं.

म्हणून निर्णय हातात पडला की त्याच आठवड्यात तीन गोष्टी करा: राष्ट्राच्या लोकांच्या भाषेत त्याचा सारांश, सरकारला पाठपुराव्याचं पत्र, आणि समितीपुढे देशाचा पुढचा अहवाल कधी आहे ती तारीख. त्या अहवालाच्या वेळी ‘मागच्या शिफारशीचं काय झालं’ हा प्रश्न विचारला जाईल अशी तजवीज आत्तापासून करायची.

आपल्याकडे याचा संबंध किती?

भारतात असे तह फार नाहीत, पण अगदीच नाहीत असंही नाही. १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून सागवानी जंगलाचे भाडेपट्टे घेतले. डांग १९६०पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्या कराराच्या वारसदारांना आजही होळीआधी आहव्याच्या डांग दरबारात राजकीय मानधन दिलं जातं. भारताने २००७च्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं, मात्र स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय सत्तेखालच्या लोकांपुरता आहे असं सांगूनच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा जुना करार क्रमांक १०७ भारताने १९५८ मध्ये स्वीकारला, नवा १६९ स्वीकारलेला नाही. ऐच्छिक प्रोटोकॉलही नाही. त्यामुळे इथल्या आदिवासी गटाला विशेष प्रतिवेदक आणि वांशिक भेदभाव समिती हीच दोन दारं उरतात. गडचिरोली किंवा नंदुरबारमध्ये काम करत असाल तर आधी पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि २००६चा वनहक्क कायदा पुरता वापरून बघा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो वनहक्क कायद्यानेच.

कॅनडातल्या मराठी मंडळींची गोष्ट वेगळी. ब्रॅम्प्टन-मिसिसागा भागातली घरं बहुतांशी १८१८च्या अजेटन्स तहातल्या, म्हणजे तह क्रमांक १९च्या जमिनीवर आहेत: दरसाल ५२२ पौंडांच्या मालाच्या बदल्यात सुमारे ६,४८,००० एकर. शेजारच्या ‘टोरंटो खरेदी’ या जुन्या जमीन-व्यवहाराचा दावा मिसिसागा राष्ट्राशी २०१० मध्ये १४.५ कोटी कॅनेडियन डॉलरला मिटला, म्हणजे मूळ व्यवहारानंतर दोन शतकांनी. आणि २०२१च्या कायद्याने कॅनडा सरकारला संयुक्त राष्ट्रांच्या २००७च्या जाहीरनाम्याच्या अंमलबजावणीचा अहवाल दरवर्षी संसदेपुढे ठेवावा लागतो. त्यात तहांबद्दल काय काम झालं, काय राहिलं, हे तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराला लेखी विचारा. मतदार म्हणून हा प्रश्न तुम्ही स्वतःच्या नावाने विचारू शकता. त्याला कोणाच्याही संमतीपत्राची गरज नाही.